उद्याचा गोवा आपल्या स्टेजवर कधी येणार? हौशी नाट्यमंडळांना खुलं पत्र

गोव्यातल्या गावोगावच्या हौशी नाट्यमंडळांनो, जत्रेला आणि उत्सवाला नाटक बसवणाऱ्या देवस्थान समित्यांनो, आणि कला अकादमीच्या स्पर्धेसाठी दरवर्षी संहिता शोधत फिरणाऱ्या दिग्दर्शक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. येत्या सीझनला भविष्यातल्या गोव्यावरचं एक तरी नवं मराठी नाटक लिहा आणि उभं करा. पन्नास वर्षांनी आपला गाव कसा असेल, कसा व्हायला नको आणि कसा व्हायलाच हवा, यावर. ऐतिहासिक झाली, पौराणिक झाली, संगीत नाटक तर आपला जीव की प्राण, कौटुंबिक आणि फार्सही आपण भरपूर करतो, पण पुढच्या काळावरचं नाटक आपल्या मांडवात जवळजवळ नाहीच, आणि जिथे दर पावसाळ्यानंतर एखादा डोंगर ओळखू येत नाही, तिथे ही उणीव मला फार मोठी वाटते.

आदर्श समाजाच्या कल्पनाचित्राला युटोपिया म्हणतात आणि पार बिघडलेल्या समाजाच्या चित्राला डिस्टोपिया, हे तुम्हाला माहीत असेलच. आपली तरुण पोरं यातला दुसरा प्रकार मोबाइलवर बघतच असतात, काळोखं शहर, सतत पाऊस, निऑनचे बोर्ड, आकाशात उडणाऱ्या गाड्या. 1982 च्या ब्लेड रनरने हे रूप इतकं पक्कं करून ठेवलं की अजून त्याच्याच नकला निघतात. तो सिनेमा 2019 सालच्या लॉस एंजेलिसचा होता, ते साल येऊनही गेलं. सिनेमा भारीच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण त्यातली भीती त्या शहराची आहे. डिचोलीच्या माणसाची भीती वेगळी, काणकोणच्या माणसाची आणखी वेगळी, आणि ती कोणी लिहिलेली नाही.

आता कोणीतरी म्हणणारच की भविष्य दाखवायचं तर एलईडी वॉल लागेल, सेटचा खर्च कोण करणार. हे मला अजिबात पटत नाही. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 1965 मध्ये आल्फाव्हिल हा सिनेमा केला, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं, जिथे प्रेम करायला बंदी आहे असं शहर, आणि त्यासाठी त्याने भविष्यातलं म्हणून काहीही बांधलं नाही, त्या वेळचं पॅरिसच रात्री शूट केलं, काचेच्या नव्या बिल्डिंगी, लांबच लांब कॉरिडॉर, बस्स. त्याच्या आधी 1962 मध्ये क्रिस मार्करचा ला जेते आला, तिसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट, फक्त 28 मिनिटांची, आणि जवळजवळ सगळा सिनेमा नुसत्या स्थिर फोटोंचा. एकाच ठिकाणी झोपलेली बाई डोळे उघडते तेवढे काही सेकंद चित्र हलतं, आणि एवढ्या एका हालचालीने अंगावर काटा येतो.

आणि नाटकवाल्यांसाठी तर याहून मोठी गोष्ट आहे. रोबो मुळात सिनेमातला नाहीच, तो स्टेजवर जन्मला. कारेल चापेक या चेक लेखकाचं आर. यू. आर. हे 1920 चं नाटक. एका बेटावर कारखाना, तिथे कामाला जुंपायची कृत्रिम माणसं तयार होतात, स्वस्त पडतात म्हणून जगभर जातात, खऱ्या माणसांना काम उरत नाही, मग मुलंच जन्माला यायची थांबतात, आणि शेवटी ही कृत्रिम माणसं उठाव करतात, सगळ्यांना मारतात आणि एकालाच जिवंत ठेवतात, का तर तो त्यांच्यासारखं हातांनी काम करतो म्हणून. प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये याचा प्रयोग 25 जानेवारी 1921 ला झाला, पण त्याच्या आधी, 2 जानेवारीला, ह्रादेत्स क्रालोव्हे नावाच्या गावातल्या हौशी मंडळाने ते करूनसुद्धा टाकलं होतं! राजधानीतला प्रयोग पुढे ढकलला गेला होता, या लोकांनी आपली ठरलेली तारीख पाळली. म्हणजे रोबोला पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आणलं ते दिवसा नोकरी-धंदा आणि रात्री तालीम करणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या माणसांनी. त्यामुळे हे काम आपलं नव्हे, मोठ्या लोकांचं आहे, असं कृपा करून म्हणू नका.

मग लिहायचं काय? माझं म्हणणं, सुरुवात आपल्याच गावकारीपासून, म्हणजे गावची जमीन एकत्र सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेपासून करा. कारण युटोपियाचा आणि गोव्याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, 1516 मध्ये, थॉमस मोर या लंडनच्या वकिलाचं युटोपिया हे पुस्तक छापून आलं. त्यात त्या आदर्श बेटाची हकीगत सांगणारा माणूस कोण, तर राफाएल नावाचा एक पोर्तुगीज प्रवासी. आणि तो घरी परततो कसा, तर श्रीलंकेवरून कालिकतला पोचतो आणि तिथे त्याला पोर्तुगीज जहाजं मिळतात. म्हणजे जगातल्या सगळ्या युटोपियांना ज्याने नाव दिलं त्या पुस्तकातला माणूस आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून जहाज धरून गेलेला आहे, अर्थात कल्पनेत.

त्याने सांगितलेल्या बेटावर जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही. दर 10 वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलतात, म्हणजे माझं घर माझं घर हा भाव राहायला नको. काम दिवसाला 6 तास. सोन्याची किंमत वाटू नये म्हणून सोन्याची मुताची भांडी करतात आणि गुलामांच्या बेड्यासुद्धा सोन्याच्याच. हो, गुलामांच्या. त्या आदर्श राज्यात गुलाम आहेत! शिवाय परवाना न घेता आपल्या भागाबाहेर फिरताना दुसऱ्यांदा सापडलात तर तुम्हीही गुलाम. मोरने हे सगळं त्याच चित्रात ठेवलंय, लपवलेलं नाही, आणि म्हणूनच मला वाटतं 500 वर्षांनंतरही ते पुस्तक माणसाला विचार करायला लावतं.

आणि बघा, हे पुस्तक आलं त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, 1526 मध्ये, इथे आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोरल नावाचा दस्तऐवज लिहून काढला, तिसवाडीतल्या गावांचे रूढ हक्क आणि रिवाज त्यात नोंदवले गेले. गावची जमीन गावकारांच्या समूहाची, ती ठरावीक मुदतीसाठी पावणी, म्हणजे लिलाव, करून कसायला द्यायची, आलेल्या उत्पन्नातून गावाचे खर्च भागवायचे, बांध राखायचे, सरकारी कर भरायचा आणि उरेल ते गावकारांमध्ये जोण म्हणून वाटायचं. तिकडे एक माणूस सामाईक जमिनीची कल्पना कागदावर करतोय आणि इकडे ती गोष्ट कित्येक पिढ्या चालत आलेली. पण बेड्या इथेही शोधायला हव्यात. जोण मिळायची ती गावकारांच्या पुरुष वंशजांना, बायकांना नाही. आणि गुडघाभर चिखलात उभा राहून जो लावणी-कापणी करायचा त्या कुळाचा, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचा गावकारीत आवाज नव्हता. गावाने एकत्र येऊन समुद्राला अडवून धरलं हे खरं आणि त्या गावात सगळा गाव धरलेला नव्हता हेही तितकंच खरं. ज्याला नाटक लिहायचंय त्याने यातली एक बाजू टाकून दिली तर नाटक पडेल असं मला वाटतं.

याचंच पुढचं म्हणजे खाजन. मांडवी-जुवारीच्या काठांवरची ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, मध्ये बांध आहे म्हणून ती शेतं आहेत. बांधातली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची जागा, तुम्ही बघितली असेल, नसेल तर एकदा ओहोटीच्या वेळी जाऊन जवळ उभे राहा. लाकडी दारं असतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती चढायला लागली की नदीचं खारं पाणी त्याच दारावर बाहेरून दाब देतं आणि दार आपोआप मिटतं. मोटर नाही, वीज नाही. आतल्या बाजूला कोरगुट भात, थोडं मीठ सहन करणारं. पण लाकूड कुजतं, खेकडे बांध पोखरतात, म्हणून कोणीतरी रोज बघायला लागतं, आणि हे कोणीतरी म्हणजे कोण हाच माझ्या मते उद्याच्या गोव्यावरचा सगळ्यात मोठा नाट्यप्रश्न आहे.

कारण 1964 चा कूळकायदा आला, पुढे 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो मिळायलाच हवा होता, त्यात दोन मतं नाहीत. पण बांध राखणारी जुनी व्यवस्था त्याबरोबर सैल झाली, काम नव्या कूळ संघांकडे आलं, काही गावांनी ते नेटाने चालवलं, काही ठिकाणी बांध फुटले, खारं पाणी आत शिरलं, भात गेलं, शेतात कांदळ उगवलं. मानशीवरच्या मासळीला पैसा जास्त म्हणून खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जातं अशा तक्रारीही आहेतच. आता यात व्हिलन कोण सांगा. अन्याय दूर झाला आणि दार राखायला माणूस उरला नाही, दोन्ही एकाच वेळी. ऑर्वेलच्या 1984 मध्ये, म्हणजे त्या 1949 च्या कादंबरीत, भिंतीभिंतीवर बिग ब्रदरचा चेहरा आहे, त्यामुळे कोणाला घाबरायचं ते तिथे स्पष्ट आहे. आपल्याकडे असा एक चेहरा नाही. आपल्याकडे एक सही होते, एक झोन बदलतो, एक भाऊ परदेशी असतो म्हणून वाटणी अडते, एका पावसाळ्यात मानशीचं दार दुरुस्त करायचं राहून जातं.

माझ्या डोळ्यांसमोर हे नाटक कायम असतं. स्टेजच्या मधोमध एक मानस, खरी लाकडी, बाकी काही नाही. साल 2075. अलीकडे घरं, पलीकडे नदी. पहिल्या अंकात दार कोणी दुरुस्त करायचं यावर गाव बसलाय, गावकाराचा पणतू आहे, कुळाची नात आहे, बाहेरून येऊन फ्लॅट घेतलेलं कुटुंब आहे, बांधावर कामाला आलेला आणि आता इथेच तिसरी पिढी झालेला परप्रांतीय आहे, आणि प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं की बरोबरच वाटतं. ऑर्वेलचा विन्स्टन सरकारी ऑफिसात बसून जुन्या पेपरांमधल्या बातम्या बदलायचं काम करतो, तसा एखादा क्लार्क इथेही आणता येईल, ज्याचं काम जुन्या नकाशांवरून खाजन हा शिक्का पुसायचं आहे आणि ज्याच्या आजोबांचं शेत त्याच नकाशात आहे. दुसऱ्या अंकात भरती. एवढ्या गोष्टीला एलईडी वॉल कशाला हवी? दोन लाइट आणि पाण्याचा आवाज पुरेसा आहे.

बायकांच्या मंडळांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांच्याकडे तर फॉर्म तयारच आहे. 1905 मध्ये बेगम रोकेया यांची सुलताना'ज ड्रीम ही इंग्रजी गोष्ट मद्रासच्या द इंडियन लेडीज मॅगझिनमध्ये आली. स्वप्नात एक बाई अशा देशात जाते जिथे पुरुष पडद्यात बसलेत आणि बायका राज्य चालवतायत, विद्यापीठातल्या बायकांनी ढगातून पाणी खेचायचा फुगा केलाय, उन्हाची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक होतो, आणि शत्रू चालून आला तेव्हा तीच उष्णता त्याच्यावर सोडून त्याला पळवून लावलाय. 1905 मध्ये, बंगालमधल्या पडद्यातल्या बाईने सौर चुलीची कल्पना केली! स्पेनमध्ये 2023 साली या गोष्टीवरून प्रेरणा घेऊन एक अ‍ॅनिमेशन सिनेमाही झाला. आता आपला धालो आठवा. पौषातल्या रात्री, मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या ठरलेल्या जागेवर, फक्त बायका, पुरुषांना तिथे जागा नाही, गाणी त्यांची, खेळ त्यांचे, सोंगं त्यांची, त्या मांडावरच्या राज्यात सगळा कारभार त्यांचाच. त्या मांडावरून रोकेयांच्या देशात जायला एक प्रवेश पुरतो. पेडणे, सत्तरी, डिचोलीतल्या ज्या बायका अजून धालो खेळतात त्यांना बरोबर घेऊन कोणी हे लिहिलं तर मी पहिल्या रांगेत बसायला येईन.

कुर्डीबद्दल थोडक्यात. साळावली धरणाखाली गेलेलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की देऊळ, चॅपल, घरांचे चौथरे वर येतात आणि वाडे-वालकिणीला नेऊन वसवलेली माणसं तिथे एकत्र जमतात. यावर रडणारं नाटक लिहिणं सोपं आहे. पण त्याच पाण्यावर दक्षिण गोव्यातले नळ चालतात, मडगावच्या ब्लॉकमधली आई सकाळी तेच पाणी भरून मुलाला शाळेत पाठवते. तिलाही स्टेजवर आणा, कुर्डीच्या म्हातारीसमोर उभी करा, आणि दोघींना बोलू द्या. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनने 1974 च्या द डिस्पझेस्ड या कादंबरीत असंच केलंय, मालकी नसलेल्या माणसांचा समाज दाखवलाय, पण तो कोरड्या, गरीब जगात, आणि तिथेही हळूहळू एकमेकांवर दाब टाकणारी माणसं तयार होतात. तरी वाचून झाल्यावर तिथे जाऊन राहावंसं वाटतं. दोष दाखवूनसुद्धा ओढ वाटायला लावणं, हे जमलं पाहिजे.

आणि इथेच माझा मुख्य आग्रह आहे. नुसता डिस्टोपिया नको. खाणीच्या ट्रकांची रांग, लाल धुळीने माखलेली झाडं, पट नाही म्हणून बंद पडलेली प्राथमिक शाळा, टँकरची वाट बघणारा वाडा, हे सगळं आपल्याला रोज दिसतं आणि चहाच्या टेबलावर आपण रोज त्यावर बोलतो. स्टेजवर तेवढंच आणलं तर प्रेक्षक मान हलवून घरी जाईल. त्याला काय हवंय हे कोण विचारणार? बाकीबाब बोरकरांनी मराठीत आपल्या गोव्याचं एक स्वप्नचित्र लिहून ठेवलं, आपल्यातल्या कितीतरी जणांना ते पाठ आहे, पण ते त्यांच्या काळातल्या, त्यांच्या डोळ्यांसमोरच्या गोव्यावरचं प्रेम होतं. आपल्या काळाचं चित्र आपण रंगवलंच नाही, आणि ती मोकळी जागा फ्लॅट विकणाऱ्यांच्या होर्डिंगनी भरून टाकली, ज्यात समुद्र आहे, माड आहेत, स्विमिंग पूल आहे आणि गावचा एकही माणूस नाही. हे मला मनापासून लागतं.

खरं तर मागायची सवय आपल्याला आहे. गाऱ्हाण्याला उभं राहिलं की गावासाठी, गुराढोरांसाठी, लेकराबाळांसाठी, परदेशात गेलेल्यासाठी एकेक मागणं मोठ्याने मांडलं जातं आणि सगळा गाव व्हय म्हाराजा म्हणतो. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ग्रंथ संपवताना विश्वासाठी मागितलं ते तर आपण लहानपणापासून म्हणतो, आणि त्यात खळांचा नाश व्हावा असं नाहीये, त्यांचा वाकडेपणा जावा असं आहे. जगातले बरेच आदर्श समाज वाईट माणसांना हद्दपार करून उभे राहिलेत, इथे त्यांनासुद्धा आत धरलंय. हे उत्सवी नाटकाच्या अंगात मुरलेलं आहे, म्हणून भविष्याचं नाटक आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात त्या 2075 च्या गावाने गाऱ्हाणं घालावं आणि काय काय मागावं हे लेखकाने प्रामाणिकपणे लिहावं, एवढं केलं तरी खूप झालं.

आता देवस्थान समित्यांना विनंती. उत्सवाच्या नाटकांमधली एक रात्र नव्या संहितेला द्या. पहिल्या वर्षी गर्दी कमी होईल कदाचित, होऊ द्या. स्पर्धेत उतरणाऱ्या दिग्दर्शकांना विनंती, पुण्या-मुंबईच्या गाजलेल्या संहितांमागे धावण्याआधी आपल्या तालुक्यातल्या लिहिणाऱ्या पोरांना दोन वेळा घरी बोलवा, त्यांचं कच्चं लिखाण वाचून घ्या. आणि लिहिणाऱ्यांनो, नाटक मराठीत लिहा पण पात्राच्या तोंडी घरची कोकणी आली तर ती छापील मराठीत बदलू नका, आपल्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, स्टेजवरही तसंच ऐकू येऊ दे. खाजनावर लिहायचं असेल तर बांधावर काम केलेला माणूस शोधून त्याच्याकडे बसा, अजून आहेत अशी माणसं, त्यांना मानशीच्या दाराचा आवाज ऐकून दुरुस्ती कुठे लागणार ते कळतं.

संहिता वाचायला, प्रॉम्प्टिंगला बसायला, लाइट लावायला, कुठल्याही गावात बोलवा, मी येतो. चवथ झाली की तालमींची गडबड सुरू होते, त्यामुळे पहिला खर्डा चवथीच्या आधी हातात यायला हवा.

तुमचाच,
डिचोली तालुक्यातला एक नाटकवाला